सुट्टीत घरी सगळ्यांनी मिळून बघायचे पिक्चर सुचवा (वयं साडेचार ते ७८)

मधलीसुट्टी:
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. सुट्टीत आमच्याकडे सगळे जमणार आहेत, म्हणजे आम्ही, दीर-जाऊ, नणंद, सासूबाई-सासरे आणि तीन मुलं. दिवसभर कोण कुठे कोण कुठे असतं पण रात्री सगळे हॉलमध्ये येतात आणि मग तेच, रिमोट या हातातून त्या हातात, कोणाचं कशावर एकमत नाही, नुसते ट्रेलर बघण्यात अर्धा तास जातो आणि मग एकेक जण आपला फोन घेऊन कोपऱ्यात जातो. यावेळी हे होऊ द्यायचं नाहीये मला. वर्षातून एकदाच सगळे एका छताखाली असतात हो.

आता अडचणी सांगते. सर्वात धाकटी साडेचार वर्षांची, पटकन घाबरते आणि मग रात्री झोपत नाही. मधला ९ वर्षांचा, त्याला धावपळ, आदळआपट, गाड्या पाहिजेत. मोठी १४ ची, तिला 'लहान मुलांचं' काही लावलं की उठून जाते. सासरे ७८, ऐकू कमी येतं आणि भराभर बोललेलं इंग्रजी डोक्यावरून जातं. सासूबाईंना मारामारी नको आणि मुलांसमोर मान खाली घालायला लागेल असं काही नको. दोन तासांच्या वर गेलं की निम्मी माणसं झोपलेली असतात.

टॉप ५० वाल्या याद्या नेटवर ढीगभर आहेत, त्या नकोत. ज्यांनी खरंच घरात सगळ्यांबरोबर बसून बघितलेत त्यांनी सांगा, आणि कुठल्या पिक्चरमध्ये कुठे काय येतं तेही सांगा प्लीज.

उंबरठा_७:
बुकमार्क केलाय धागा. आमच्याकडेही सेम परिस्थिती फक्त चौदाच्या जागी सोळा.

तिसरीघंटा:
ताई, एक गोष्ट आधी सांगतो, 'फॅमिली' किंवा 'किड्स' या लेबलवर जाऊ नका. लेबल लावणारे शिव्या, रक्त, मारामारी असलं मोजतात पण साडेचार वर्षांच्या पोराला राक्षसापेक्षा आईबाबा नाहीसे होणं जास्त भिववतं, आणि नेमकं तेच लहान मुलांच्या गाजलेल्या पिक्चरांत खच्चून भरलेलं आहे. बांबी (१९४२) मध्ये आई जाते. लायन किंग (१९९४) मध्ये सिंबाच्या डोळ्यांदेखत बाप मरतो आणि ते पिल्लू त्याला उठवायचा प्रयत्न करतं. फाइंडिंग निमो (२००३) मध्ये तर पहिल्या पाच-सात मिनिटांतच निमोची आई आणि बाकीची सगळी अंडी संपतात. हे वाईट पिक्चर आहेत असं अजिबात म्हणत नाही, निमो माझा अतिशय आवडता आहे, पण धाकटी घाबरट असेल तर सुट्टीच्या पहिल्या रात्री हा डोस नको.

तुमच्या घरासाठी माझं पहिलं नाव माय नेबर टोटोरो. जपानी ॲनिमेशन आहे, १९८८ चा, हायाओ मियाझाकीचा, लांबी ८६ मिनिटं. यात खलनायकच नाही. दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात, आई दवाखान्यात असते आणि घराशेजारच्या जंगलात एक भलामोठा केसाळ प्राणी राहतो, बस. बसस्टॉपवरचा सीन मुद्दाम सांगतो. पाऊस पडतोय, अंधार झालाय, मोठी बहीण झोपलेल्या धाकटीला पाठुंगळी घेऊन बाबांच्या बसची वाट बघत उभी आहे आणि शेजारी येऊन टोटोरो उभा राहतो, डोक्यावर नुसतं एक पान. ती त्याला जास्तीची छत्री देते. त्याला छत्री कशासाठी असते ते माहीत नाही, त्याला आवडतो तो छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा टपटप आवाज, मग तो आणखी आवाज यावा म्हणून जोरात उडी मारतो आणि झाडांवरचं सगळं पाणी एकदम खाली येतं. या सीनमध्ये बोलणं जवळजवळ नाही, तुमच्या सासऱ्यांना एक शब्द ऐकू आला नाही तरी सगळं कळेल. फक्त शेवटाकडे धाकटी बहीण थोडा वेळ सापडत नाही आणि आईच्या तब्येतीची काळजी असते, तेवढ्यापुरतं पोरीला जवळ घेऊन बसा, ती सापडते, आईही बरी असते हे आधीच सांगून टाकलंत तरी मजा जात नाही.

आणि एक सावध करतो, याच स्टुडिओ जिब्लीचा ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज त्याच दिवशी टोटोरोच्या जोडीनेच थिएटरात लागला होता, पोस्टरवर लहान बहीणभाऊ बघून कोणीतरी लावतं, तो युद्धातला आहे, अत्यंत दुःखी आहे, थोर आहे पण मुलांबरोबर सुट्टीत नाही म्हणजे नाही.

रानजाई:
टोटोरोला अनुमोदन! आमच्याकडे मांजराची बस येते तिथे कितीतरी वेळा मागे घेऊन बघितलंय.

माझ्याकडून पॅडिंग्टन २ (२०१७). पहिला भागही छान आहे पण पहिल्यात निकोल किडमन पॅडिंग्टन नावाच्या त्या अस्वलाला मारून त्यात पेंढा भरायच्या मागे असते, साडेचारला ते जड जातं. दुसरा भाग थेट बघितला तरी काही अडत नाही. त्याला मावशीच्या वाढदिवसाला एक घडी उघडली की चित्रं उभी राहतात तसलं जुनं पुस्तक द्यायचंय, त्यासाठी काम करून पैसे साठवतो, आणि ते पुस्तक चोरीला जातं आणि हाच तुरुंगात. तुरुंगातले सगळे दांडगे कैदी आणि मधे हे एवढंसं अस्वल. ९ वर्षाच्याला शेवटचा ट्रेनचा पाठलाग आवडणारच आणि १४ वालीला ह्यू ग्रांट आवडेल, तो एक विस्मृतीत गेलेला नट झालाय आणि एवढी धमाल केलीय त्याने की मोठी माणसंच जास्त हसतात. शेवटी एक पाण्याखालचा प्रसंग आहे तो जरा श्वास रोखायला लावतो, थोडाच आहे.

जुनारेडिओ:
पिक्चर कुठला ते बाकीचे सांगतीलच, मी टीव्हीबद्दल सांगतो कारण निम्म्या घरांत म्हातारी माणसं कंटाळतात ते पिक्चरमुळे नाही, ऐकू येत नाही म्हणून.

एक, आवाज. पिक्चरचा आवाज बहुतेक वेळा पाच-सहा स्पीकर्सचा विचार करून मिक्स केलेला असतो, त्यात संवाद मधल्या स्पीकरला असतात, टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरमध्ये ते सगळं कोंबलं की संवाद दबतात आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं. म्हणून तुम्ही सारखा आवाज कमी-जास्त करत बसता. ॲपच्या ऑडिओ मेनूमध्ये ५.१ (पाच-सहा स्पीकर्सचा) आणि स्टिरिओ (दोन स्पीकर्सचा) असे दोन पर्याय दिसत असतील तर साधा टीव्ही असताना स्टिरिओ घ्या. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस', 'डायलॉग', 'नाइट मोड' अशा नावाचं काहीतरी असतं ते चालू करा, मोठे आवाज खाली येतात आणि बोलणं वर येतं.

दोन, टीव्ही नवा असेल तर पिक्चर विचित्र गुळगुळीत, मालिकेसारखा दिसतो ना, ते मोशन स्मूदिंगमुळे. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतःच बनवून घुसडतो. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय पण पिक्चर सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द शोधला की सापडतं, बंद करून टाका. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होतं.

तीन, जुने पिक्चर लावले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि घरात कोणीतरी हमखास 'झूम कर' म्हणतं. करू नका. ती फ्रेमच तशी चौकोनीकडे झुकणारी असते, झूम केलं की वरून डोकी आणि खालून पाय कापले जातात, आणि चॅप्लिनचा अर्धा अभिनय तर पायांत आहे.

मधलीसुट्टी:
@जुनारेडिओ दादा हे कोणीच सांगत नाही, आवाज कमी-जास्त करणं हे आमच्याकडे एका माणसाचं रात्रभराचं कामच असतं. आजच बघते सेटिंग.
@तिसरीघंटा तुम्ही म्हणताय ते पटलं, ती राक्षसांना घाबरत नाहीच, मागे एकदा बाजारात आई दिसेनाशी होते असा सीन होता त्याला घाबरली होती.
मग शब्दच नसलेले किंवा कमी असलेले अजून आहेत का? सासऱ्यांसाठी आणि धाकटीसाठी दोघांनाही ते बरं पडेल असं वाटतंय.

तिसरीघंटा:
भरपूर आहेत आणि खरं तर तुमचा हाच हुकमी रस्ता आहे. संवाद नसलेल्या पिक्चरमध्ये आजोबा आणि नात बरोबरीला येतात, कोणी कोणाला समजावून सांगायला लागत नाही.

शॉन द शीप मूव्ही (२०१५), आर्डमन या स्टुडिओचा, मातीचे पुतळे थोडे थोडे हलवत एकेक फ्रेम टिपून केलेला. अख्ख्या पिक्चरमध्ये एक सरळ वाक्य नाही, माणसंही नुसती पुटपुटतात. मेंढ्या शहरात येतात, माणसांचे कपडे घालून रेस्टॉरंटमध्ये बसतात आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस करेल तसं करत राहतात, हा सीन बघताना ९ वर्षाचा सोफ्यावरून खाली पडेल. तासाभराहून थोडा जास्त, दीड तासाच्या आत. प्राणी पकडणारा एक माणूस खलनायक आहे, पण झेपण्यासारखा.

द सर्कस (१९२८), चॅप्लिनचा, सव्वा तासाच्या आसपास. लोक मॉडर्न टाइम्स किंवा गोल्ड रश सुचवतात पण मुलांना पहिला चॅप्लिन दाखवायचा तर हाच दाखवा. हा चुकून सिंहाच्या पिंजऱ्यात अडकतो, सिंह झोपलाय, दार बाहेरून लागलंय, आणि बाहेर एक एवढंसं कुत्रं येऊन भुंकायला लागतं आणि हा त्याला हातापाया पडून गप्प करायला बघतो. पुढे तारेवरून चालताना अंगावर माकडं चढतात तो भाग तर अर्ध्या जगाने कॉपी केलाय. मध्ये मध्ये इंग्रजी पाट्या येतात त्या वाचून दाखवायचं काम १४ वालीला द्या, मराठीत, तिच्या मनाने. एकदा तो मान मिळाला की ती उठून जाणार नाही.

द रेड बलून (१९५६), फ्रेंच, फक्त ३४ मिनिटं. एका मुलाच्या मागे मागे पॅरिसभर फिरणारा लाल फुगा. एवढीच गोष्ट, आणि याला पटकथेचं ऑस्कर मिळालंय, जवळजवळ संवाद नसताना. दांडगट मुलं शेवटाआधी फुगा फोडतात तिथे लहान मुलं रडतात, तिथे बंद करू नका, पुढची दोन-तीन मिनिटं बघू द्या म्हणजे झालं.

फ्लो (२०२४), लॅटव्हियाचा, २०२५ चं ॲनिमेशनचं ऑस्कर यालाच मिळालं. सगळीकडे पूर आलाय आणि एक मांजर, एक कुत्रा, एक कॅपिबारा वगैरे एका होडीत. प्राणी माणसासारखे बोलत नाहीत, मांजर मांजरासारखंच वागतं. दिसायला अप्रतिम, पण मांजर पाण्यात पडतं, बुडतंय की काय असं वाटतं, असे प्रसंग वरचेवर येतात, म्हणून धाकटीला नको, ९ च्या पुढे सगळ्यांना चालेल.

पाऊलखूण:
मला जरा वेगळं म्हणायचंय. आपण मुलांना रडवणाऱ्या गोष्टींपासून इतकं का लांब ठेवतोय? माझ्या मुलाने अप (२००९) सहा वर्षांचा असताना बघितला, सुरुवातीचा तो म्हातारा-म्हातारीच्या अख्ख्या संसाराचा भाग, शब्दाविना, आणि तो रडला, मीही रडले, आणि मग त्याने पहिल्यांदा विचारलं की आजोबा कुठे गेले. त्याआधी कित्येक महिने तो विषयच काढत नव्हता. पिक्चर बघताना आईच्या मांडीवर बसून रडणं हे किती सुरक्षित रडणं आहे, तिथेच शिकायचं ना मुलांनी. कोको (२०१७) पण तसाच, मेलेल्या माणसांची आठवण कशी ठेवायची याबद्दल मुलांशी यापेक्षा चांगलं कोणी बोललेलं नाही. तुमच्या घरात आजी-आजोबा आहेत तर मी तर आवर्जून कोको लावेन. विसरायला लागलेली पणजी आणि तिच्यासमोर गाणं म्हणणारा पणतू, तो सीन आजी-आजोबा आणि मुलं एकाच वेळी समजतात.

तिसरीघंटा:
@पाऊलखूण तुमचं म्हणणं मनापासून मान्य, कोको तर माझ्याही यादीत आहे. माझा मुद्दा एवढाच की कोण, कधी, कोणाशेजारी. सहा वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर आणि घरात ते दुःख आधीच आलेलं, तिथे अपने तुमचं मोठं काम केलं. साडेचार वर्षांची मुलगी, दहा माणसं, लाइट बंद, आई मागे पाहुण्यांचं बघतेय, अशा वेळी तेच दृश्य तिला एकटीला सोसावं लागतं. कोकोतले सांगाडे रंगीत आणि विनोदी आहेत, लहान मुलं त्यांना घाबरत नाहीत, पण एका जुन्या आठवणीत मित्र मित्राला विष देतो तो भाग आहे, ते ९ वर्षाच्याला कळेल आणि तो विचारेल, तेव्हा शेजारी कोणीतरी मोठं बसलेलं असू द्या.

रानजाई:
+१ दोघांनाही. कोको आम्ही सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ठेवतो, तोपर्यंत सगळे एकमेकांत रुळलेले असतात.

काठीवरचा_कंदील:
मी स्वतः आजोबा आहे, वय ७१, म्हणून आमच्या बाजूने लिहितो. घरातली मंडळी आमच्यासाठी म्हणून काहीतरी भक्तिपर नाहीतर अगदी संथ शोधून लावतात. तसं काही लागत नाही हो. आम्हाला मुलांबरोबर हसायचं असतं. अडचण असते ती दोनच गोष्टींची, सबटायटल बारीक असतात आणि फार भराभर जातात. ॲपच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करता येतात, मागे काळी पट्टी देता येते, नातीने मला करून दिलं तेव्हापासून मी कोरियन पिक्चरसुद्धा बघतो.

आता नावं. ह्रषीकेश मुखर्जींचा गोलमाल (१९७९) लावा. नवा नव्हे, जुना, अमोल पालेकर आणि उत्पल दत्त यांचा. मिशी नसलेल्या माणसावर विश्वास न ठेवणारा साहेब आणि नोकरीसाठी खोटा जुळा भाऊ उभा करणारा तरुण. मुलांना हा मिशीचा घोळ चटकन कळतो, माझी नातवंडं बोटाची मिशी लावून घरभर फिरत होती. चुपके चुपके (१९७५) मात्र भाषेच्या गमतीवर उभा आहे, शुद्ध हिंदीची ती मजा ९ वर्षाच्याला झेपणार नाही, १४ ची मुलगी हसेल. आणि बावर्ची (१९७२), भांडणारं एकत्र कुटुंब आणि सगळ्यांना जोडणारा स्वयंपाकी, सगळे जमलेले असताना बघायला यासारखा दुसरा नाही.

मराठीत अशी ही बनवाबनवी (१९८८) सगळ्यांना पाठ असतो तरी लावाच, पाठ असलेला पिक्चर सगळ्यांनी मिळून बघण्यात जी मजा असते ती नव्यात नसते, पुढचा संवाद आधीच कोणीतरी म्हणतं.

गोष्टवेल्हाळ:
मराठीचं नाव निघालंच आहे तर परेश मोकाशींचे दोन पिक्चर तुमच्या घरासाठी अगदी फिट आहेत.

हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९). दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र कसा काढला त्याची गोष्ट, आणि कुठेही थोर पुरुषाच्या चरित्रासारखी जड नाही. माणूस झपाटलेला आहे, घरातल्या वस्तू विकतोय, बायको-मुलं सगळी त्याच्या बरोबरीने कामाला लागलीयत. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना तेव्हा साळुंके नावाच्या स्वयंपाकी पुरुषाने ती केली, फाळक्यांच्या स्वतःच्या मुलाने रोहिदास केला, हे सगळं खरंच घडलेलं आहे. दोन तासांच्या आत संपतो. बघून झाल्यावर आमच्याकडच्या मुलांनी फोनवर स्वतःचा पिक्चर काढायला घेतला आणि पुढचे दोन दिवस कोणी टीव्हीकडे फिरकलं नाही, मोठ्यांनाच त्यात राक्षस, प्रधान वगैरे व्हावं लागलं.

एलिझाबेथ एकादशी (२०१४). पंढरपुरातली मुलं, एलिझाबेथ ही वडिलांनी बनवलेली सायकल, घरात पैशांची अडचण आणि सायकल विकायची वेळ आलीय, तर मुलं यात्रेत दुकान मांडतात. वडील वारलेले आहेत पण ते गोष्ट सुरू व्हायच्या आधी, पडद्यावर काही घडत नाही, त्यामुळे धाकटीला त्रास होणार नाही. मुलं अगदी आपल्या आजूबाजूच्या मुलांसारखी बोलतात.

आणि इराणी चिल्ड्रन ऑफ हेवन (१९९७) राहून जायला नको, माजिद माजिदींचा. भावाकडून बहिणीचे बूट हरवतात, घरी सांगायची सोय नाही, मग दोघं एकच बुटांची जोडी वापरतात, तिची शाळा सकाळी त्याची दुपारची, गल्लीच्या तोंडाशी धावत येऊन बूट बदलायचे. एकदा तिच्या पायातून बूट निसटतो आणि रस्त्याकडेच्या गटारातून वाहत जायला लागतो, ती त्याच्यामागे धावतेय, एवढाच सीन, पण पाठलाग म्हणून कुठल्याही गाड्यांच्या पाठलागापेक्षा जास्त धडधडतं. तुमचा आदळआपटवाला ९ वर्षांचा पण गप्प बसून बघेल, पैज लावते. फारसी आहे, पण संवाद थोडे आहेत, एकाने मोठ्याने वाचत गेलं तरी चालतं.

सोळावं_वरीस:
हाय, मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान आहे म्हणून त्या १४ वालीच्या बाजूने बोलते. तिला पिक्चर 'लहान मुलांचा' आहे म्हणून राग येत नसतो, कोणी विचारलंच नाही म्हणून येतो. एक रात्र पूर्ण तिच्या हातात द्या, तिने निवडायचं आणि बाकीच्यांनी नाकं न मुरडता बघायचं. आमच्याकडे असं सुरू झालं तेव्हा मी स्पिरिटेड अवे लावला होता (२००१, टोटोरोवालेच मियाझाकी), आजीला एवढा आवडला की ती अजून त्या बिनचेहऱ्याच्या भुताबद्दल विचारते. पण त्यात सुरुवातीलाच आईबाबांची डुकरं होतात, तेव्हा साडेचारवाली झोपल्यावर लावा.

तिच्यासाठी अजून द ट्रुमन शो (१९९८), एका माणसाचं अख्खं आयुष्य म्हणजे टीव्हीवरचा कार्यक्रम आहे आणि ते त्यालाच माहीत नाही. आता रील्सच्या जमान्यात बघितला की अंगावर काटा येतो. मोठ्यांबरोबर भांडायला, म्हणजे चर्चा करायला, बेस्ट आहे.

काठीवरचा_कंदील:
@सोळावं_वरीस बाळा, फार छान सांगितलंस. त्याच चर्चेसाठी आणखी एक, एक रुका हुआ फैसला (१९८६), बासू चटर्जींचा, १९५७ च्या १२ अँग्री मेन वरून केलेला. एक खोली, बारा माणसं, एक खटला, बाकी काही नाही. अकरा जण एका बाजूला आणि एकटा दुसऱ्या बाजूला. हिंदी असल्यामुळे आम्हा म्हाताऱ्यांना सोपा जातो आणि माझी नात पुढे दोन दिवस प्रत्येक गोष्टीवर पुरावा मागत होती. लहान मुलं झोपल्यावरचा आहे हा.

चंद्रकोर_२२:
होम अलोन कोणीच लिहिला नाही? सुट्टी म्हटलं की तोच ना.

रानजाई:
होम अलोन (१९९०) ९ वर्षाच्याला प्रचंड आवडणार यात वाद नाही. पण आपल्याकडे साडेचारवाली आहे, पहिला अर्धा भाग घरच्यांनी मुलाला विसरून जाण्याचाच आहे, आणि शेवटी चोरांच्या तोंडावर इस्त्री पडते, डोक्याला आग लागते, रंगाचे डबे आदळतात आणि कोणालाच काही होत नाही. लहान मुलांना हे खोटं असतं हे सांगितल्याशिवाय समजत नाही. आधी बसून सांगा आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात गोट्या पसरलेल्या नाहीत ना ते बघा, एवढं केलं की बिनधास्त लावा.

तिसरीघंटा:
त्याच ओघात, ९ वर्षाच्या धावपळवाल्यासाठी बस्टर कीटनचा द जनरल (१९२६). खरं वाफेचं इंजिन, खरे रूळ, आणि हा माणूस स्वतः त्यावर उड्या मारतोय. उदास होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो आणि इंजिन सुरू होतं, दांडा वर-खाली वर-खाली आणि त्याला कळतच नाही. शेवटी पूल कोसळून इंजिन नदीत पडतं तेही खरं इंजिन आहे, मॉडेल नाही, हे मुलाला आधी सांगा म्हणजे डोळे विस्फारून बघेल. मोठ्या मुलीला एक सांगून ठेवा की यातला नायक अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा आहे, पिक्चर त्यावर काही बोलत नाही, आपण बोलावं.

आणि रेटिंगबद्दल एक, कारण जुने इंग्रजी पिक्चर निवडताना लोक तिथे फसतात. अमेरिकेत पीजी-१३ (तेराच्या आतल्या मुलांबाबत पालकांनी जास्त सावध राहावं) हा वर्ग १९८४ मध्ये सुरू झाला, त्या वर्षी आलेल्या ग्रेमलिन्स आणि इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या भागावर पालक भडकले म्हणून. म्हणजे त्याआधीच्या पिक्चरवर नुसतं पीजी (पालकांनी बघून ठरवावं) लिहिलेलं असलं तरी आत आजच्या पीजी-१३ इतकं काहीही असू शकतं. त्या दुसऱ्या भागात छातीतून काळीज उपटून काढतात आणि त्यावर पीजी आहे. आपल्याकडच्या ॲपवर यू/ए ७+, १३+, १६+ दिसतं ते बरंच उपयोगी आहे, त्याच्या शेजारी कारणही लिहिलेलं असतं, भीती, भाषा, मारामारी वगैरे, ती ओळ वाचत जा.

मधलीसुट्टी:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. जावेला पण धागा पाठवला. पहिल्या रात्री शॉन, कारण त्यात कोणालाच हरकत घ्यायला जागा नाही. दुसऱ्या रात्री टोटोरो. तिसरी रात्र १४ वालीची, तिला आजच सांगितलं तर तिने लगेच दार लावून शोधाशोध सुरू केलीय. मधे एका दुपारी हरिश्चंद्राची फॅक्टरी आणि शेवटी कोको.
एक विचारायचं होतं, सासरे सत्यजित रायांचा गोपी गाइन बाघा बाइन म्हणत होते, त्यांनी तरुणपणी बघितलाय. त्यात भुतं आहेत ना? धाकटीला चालेल?

गोष्टवेल्हाळ:
अरे वा, सासऱ्यांची चॉइस! १९६९ चा आहे, गोष्ट रायांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर रायचौधुरींची. दोघं बेसूर गवई-वाजंत्री गावातून हाकलले जातात आणि जंगलात भुतांचा राजा त्यांना तीन वर देतो. भुतांचा नाच आहे, सहा-एक मिनिटांचा, नुसत्या तालवाद्यांवर. भुतं भीती घालणारी नाहीत, सावल्यांसारखी लवलवतात, पण नाच लांब आहे आणि शेवटी ती आपसांत मारामारी करतात, शिवाय भुतांच्या राजाचा आवाज विचित्र आहे, तो आवाज स्वतः रायांनी दिलाय. तेव्हा रात्री नको, दुपारी पडदे उघडे ठेवून लावा, आणि भुतं गोपी-बाघाची मित्र आहेत हे तिला आधी सांगा. पुढे तर युद्धाला निघालेल्या उपाशी सैनिकांवर आभाळातून मिठाईची मडकी उतरतात आणि सगळे शस्त्रं टाकून धावतात, तिथे ती टाळ्या वाजवेल. बंगाली आहे, सबटायटल लागतील. सासऱ्यांनी आधी बघितलाय ना, मग त्यांनाच तिच्याशेजारी बसवा आणि गोष्ट सांगायचं काम त्यांच्याकडे द्या.